शेजारच्या पेशीचे विकर

श्रोतेहो, नमस्कार. १९६८ च्या सुमाराची एक हकीकत मला फार प्रिय आहे, ती आधी सांगतो. अमेरिकेतील बेथेस्डा येथे एलिझाबेथ न्यूफेल्ड यांच्या प्रयोगशाळेत हर्लर आणि हंटर या दोन आनुवंशिक आजारांच्या मुलांच्या त्वचेतील पेशी काचेच्या बशांत वाढवीत असत. दोन्ही आजारांत शर्करेच्या लांब साखळ्या मोडणारे विकर, म्हणजे एन्झाइम, पेशीपाशी नसते आणि न मोडलेला साठा आतल्या आत वाढत जातो. सांगतात की, एकदा या दोन्ही पेशी चुकून एकाच बशीत मिसळल्या गेल्या आणि साठा चक्क उतरला. दोघी आजारी, पण एकत्र नांदताच दोघी सुधारल्या! हर्लरच्या पेशीत जे विकर नव्हते ते हंटरच्या पेशीत होते आणि हंटरला हवे ते हर्लरकडे होते. पेशी आपले थोडे विकर बाहेर सोडते व शेजारीण ते आत ओढून घेते. पेशी काढून उरलेले पोषकद्रव दुसऱ्या बशीत घातले, तरी गुण येई.

मग अशी शेजारीण मुलाच्या अंगातच कायमची का वसवू नये? लंडनच्या वेस्टमिन्स्टर रुग्णालयातील डॉक्टरांनी हर्लरच्या बालकावर केलेल्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा वृत्तान्त १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. येथे चाकू चालत नाही. औषधांनी मुलाची स्वतःची मज्जा मोकळी करतात आणि दात्याच्या मूलपेशींची, म्हणजे रक्त घडवणाऱ्या मूळ पेशींची, लहानशी पिशवी सलाइनसारखी शिरेतून देतात. विरजणाच्या चमचाभर दह्यासारख्या त्या पेशी हाडांच्या पोकळीत रुजतात. गोठवून ठेवलेल्या पेशी असतील, तर त्यांतील रक्षक द्रव्यामुळे मुलाच्या श्वासाला दिवसभर लसणासारखा वास येतो.

दात्याच्या काही पेशी मेंदूतही जाऊन बसतात, पण सावकाश, काही महिन्यांनी. म्हणून हर्लरमध्ये हे दुसऱ्या वाढदिवसाच्या आसपास, शक्यतो त्याआधीच करावे. पुन्हा सांगतो, आधीच, कारण मेंदूचे गेलेले परत येत नाही. नाळेच्या रक्तातही अशा मूलपेशी असतात. पण बाळाची नाळ त्याच्याच कामी येईल म्हणून पैसे भरून ती जपणाऱ्यांना मी नेहमी अडवतो: आनुवंशिक आजारात त्या नाळेतही तोच दोष असतो. उपयोगी पडते ती निरोगी आणि जुळणाऱ्या भावंडाची किंवा परक्या बाळाची नाळ.

हाडांपर्यंत आणि डोळ्याच्या पारदर्शक पटलापर्यंत मात्र हे विकर नीट पोहोचत नाही. त्यामुळे प्रत्यारोपण उत्तम साधलेल्या मुलालाही पुढे पाठीच्या कण्यासाठी आणि खुब्यासाठी अस्थितज्ज्ञाकडे जावेच लागते.