निजलेलं बी, जागं बी

नमस्कार श्रोतेहो.

हस्त नक्षत्र लागलंय. सोयाबीन काढणीला आलंय, काहींचं कापून शेतातच पडलंय, आणि दुपार कलली की आभाळ भरून येतंय. अशा दिवसांत माझा सगळा जीव शेंगेत अडकलेला असतो. म्हणून आज बियांविषयीच बोलते. एखादं बी झाडावर असतानाच कोंब का धरतं, आणि दुसरं एखादं ओल मिळूनही गप्प का पडून राहतं?

त्यासाठी आधी भुईमुगाची एक गोष्ट सांगते.

मी सातवीत होते. आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं, रान काळं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. त्या वर्षी दादांनी पहिल्यांदाच उपट्या भुईमूग पेरला होता. उपट्या म्हणजे उभा वाढणारा, झाड धरून ओढलं की शेंगांसकट वर येणारा. शेजारी आबांचं रान. आबा जुने, पसऱ्या भुईमूगवाले. त्यांचे वेल जमिनीवर लांब पसरायचे, काढणीही उशिरा यायची. दादा बांधावरून म्हणायचे, "आबा, तुमच्या आधी आमच्या शेंगा घरी येतात बघा."

आणि हस्ताचा पाऊस लागला. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. रानात पाऊल टाकलं की पोटरीपर्यंत चिखल. नवव्या दिवशी उघडीप मिळाली, तशी माय खुरपं घेऊन निघाली. तिच्या मागे मी. तिनं पहिलंच झाड उपटलं. एक शेंग ओढणीच्या टोकाला पुसून मी फोडली. आत दोन दाणे. एका दाण्याचं गुलाबी साल तडकलेलं, आणि त्यातून पांढरं, गुबगुबीत मूळ निघून टरफलाच्या आतच वळून बसलेलं. दुसऱ्या शेंगेचं मूळ तर टरफल फोडून मातीत शिरलं होतं. माय खाली बसली आणि एकेक शेंग फोडत राहिली. बोलली काहीच नाही. निम्म्याच्या वर शेंगा अशा गेल्या होत्या.

दादा घरी आले ते संतापूनच. "बियाणंच खराब दिलं," म्हणून दुकानदाराला बोल लावले. मग बांध ओलांडून आबांच्या रानात गेले. तोच पाऊस, तीच माती. आबांचा वेल उपटला तर शेंगा चिखलानं माखलेल्या, पण आतले दाणे टणक. एकालाही कोंब नव्हता.

दादांनी तिथंच ठरवलं, पुढचं बी आबांचंच. आबांच्या शेंगा निघाल्या, वाळल्या, तशी दादांनी दोन पायल्या आणल्या. मायला म्हणाले, "उगवतंय का बघ." मायनं वीस दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळले आणि चुलीजवळ उबेला ठेवले. मी रोज उघडून बघायची. आठ दिवस गेले. वीसातले तीन उगवले. तीनच.

आता दादांना आबांचा राग आला. गोणपाट तसंच हातात घेऊन गेले. "आबा, बी मेलेलं हाय तुमचं."

आबांनी एक दाणा उचलला, नखानं साल काढलं, दाताखाली धरून बघितला आणि म्हणाले, "मेलं न्हाई रे, निजलंय ते. कामून घाई करायलास? संक्रात होऊ दे."

संक्रांतीच्या तिळगुळानंतर मायनं त्याच पोत्यातले वीस दाणे पुन्हा गोणपाटात ठेवले. पाचव्या दिवशी उघडलं तर अठरा उगवलेले. माय ते गोणपाट पसरूनच बसली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत.

"निजलंय ते." पुढे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकले तेव्हा कळलं की आबांनी एका शब्दात सगळा धडा सांगितला होता. शास्त्रात याला बीजाची सुप्तावस्था म्हणतात. ती राखणारी आणि मोडणारी असतात संप्रेरकं. संप्रेरक म्हणजे झाड स्वतःच्या अंगात अगदी कणभर तयार करतं आणि त्या कणभरावर वाढ, फूल, फळ, बी सगळं हलवतं, ते रसायन.

बीच्या बाबतीत दोन नावं लक्षात ठेवा. ॲबसिसिक ॲसिड आणि गिबरेलिन. पहिलं झोपवतं, दुसरं उठवतं. दाणा भरत असतो तेव्हा ॲबसिसिक ॲसिड वाढतं. ते दाण्याला अन्न साठवायला लावतं, वाळणं सोसायला तयार करतं आणि कोंबाला म्हणतं, थांब. पसऱ्या भुईमुगात हा "थांब" काढणीनंतरही बरेच दिवस टिकतो. उपट्यात तो जवळजवळ नसतोच, म्हणून ओल मिळाली की दाणा जमिनीतच उगवतो. मुगाचं आणि सोयाबीनचंही तेच. पुन्हा सांगते: ॲबसिसिक झोपवतं, गिबरेलिन उठवतं, आणि कोणाचं पारडं जड यावर बी ठरवतं.

हे ॲबसिसिक ॲसिड सापडलं कशात, तर आपल्या ओळखीच्याच पिकात. 1963 साली अमेरिकेत ॲडिकॉट यांच्या गटानं ते कापसाच्या कोवळ्या बोंडांतून वेगळं काढलं. पाण्याचा ताण पडला की पानांची छिद्रं मिटवून घ्यायला लावतं तेही हेच. दुष्काळात उभं पीक तग धरतं, त्यात याचा वाटा आहे.

गिबरेलिनची गोष्ट भाताची. एका बुरशीमुळे भाताची रोपं वेड्यासारखी उंच वाढायची आणि आडवी व्हायची. 1926 साली कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञानं दाखवलं की बुरशीनं सोडलेल्या रसायनानंच हे होतं. तेच गिबरेलिन बीत जागं झालं की दाण्यातल्या पिठाची साखर व्हायला लागते. पावसात भिजून मोड आलेल्या ज्वारीची भाकरी थापताना का चिरते, ते बायांना सांगायला नको. पीठच आतून मोडलेलं असतं.

तुरीचा शेंडा आपण पेरणीनंतर 45 ते 50 दिवसांनी खुडतो, त्यामागे तिसरं संप्रेरक, ऑक्झिन. शेंड्यातून ते खाली उतरतं आणि बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की फांद्या फुटतात.

इथं एक कळकळीनं सांगायचंय. टू-फोर-डी हे तणनाशक म्हणजे ऑक्झिनसारखंच काम करणारं, माणसानं बनवलेलं रसायन. त्याचा पंप नीट न धुता कपाशीत नेला, तर पानं बोटांसारखी अरुंद होतात, झाड वाकडंतिकडं वाढतं. पंपाच्या तळाशी राहिलेला थोडासा अंशही पुरतो. त्यासाठी पंप वेगळाच ठेवा. आणि दुकानात टॉनिक म्हणून जे मिळतं, त्यात नेमकं काय आहे हे बाटलीवर वाचल्याशिवाय पैसे मोजू नका. संप्रेरक म्हणजे खत नव्हे. जास्त टाकलं म्हणून जास्त पिकत नाही, उलट बिघडतं.

तर सोयाबीनवाल्यांनो, तुमच्या बीला आबांच्या भुईमुगासारखी झोप नाही. शेंगा पिवळ्या पडून वाळल्या की कापणीला थांबू नका, आणि कापलेलं ओलं गंजीत रचू नका. आज संध्याकाळी रानात गेलात की चार शेंगा फोडा, वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या. आत पांढरं टोक दिसलं, तर आजच माणसं सांगून ठेवा आणि उघडीप मिळताच विळा लावा.

नमस्कार.