रुपयावर चाललेलं अरबस्तान आणि हातचं गेलेलं तेल

स्क्रीनवर जे तिकीट दिसतंय ते जरा नीट बघा. पंचम जॉर्जचा चेहरा, किंमत आण्यात, इंडिया पोस्टेज असं लिहिलेलं, म्हणजे आपल्या पणजोबांनी मुंबईहून गावाला मनिऑर्डरीची वाट बघणाऱ्यांना पत्र टाकताना जे चिकटवलं असेल तेच तिकीट, फक्त यावर काळ्या शाईत एक शब्द जादा छापलाय, कुवेत. 1923 पासून कुवेतमध्ये आणि 1933 पासून बहारीनमध्ये हीच तिकिटं चालत होती, आणि बाजारात गेलं तर खिशातून काढायचा तोही आपलाच रुपया.

आता तुम्ही म्हणाल अरबस्तानात इंडियाचं पोस्ट कशाला? तर त्याचं कारण असं की आखाताच्या किनाऱ्यावरचा इंग्रजांचा सगळा कारभार लंडनपेक्षा हिंदुस्थान सरकारच्या हातात होता. बुशहर म्हणून इराणच्या किनाऱ्यावर गाव आहे, तिथे पोलिटिकल रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा मुख्य प्रतिनिधी बसायचा, त्याच्या हाताखाली कुवेत, बहारीन, मस्कतला एजंट, आणि ही सगळी मंडळी हिंदुस्थान सरकारच्या नोकरीतली. 1873 पर्यंत तर हे खातं थेट मुंबई सरकारकडे होतं. एडन तर 1932 पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग, वासुदेव बळवंत फडक्यांना तिकडच्या तुरुंगात का नेलं हे त्यावरून लक्षात येईल. मोत्यांचा धंदासुद्धा मुंबईशी बांधलेला, बहारीनच्या समुद्रात बुडी मारून काढलेला मोती विकायला यायचा तो आपल्या बाजारात, आणि जाताना त्याच गलबतांतून तांदूळ, कापड, लाकूड जायचं.

बरं, इंग्रजांना तिथे पाहिजे काय होतं? पहिल्या महायुद्धाच्या आगेमागच्या काळात निदान सुरुवातीला तरी त्यांना वाळूत फार रस नव्हता. हिंदुस्थानचा रस्ता सुरक्षित पाहिजे आणि मधे दुसरा कुणी घुसायला नको, बस्स. म्हणून एकेका शेखाकडून लिहून घेतलं, कुवेतकडून 1913 ला, बहारीनकडून 1914 ला, आणि 1922 मध्ये आज ज्याला आपण यूएई म्हणतो त्या किनाऱ्यावरच्या शेखांकडून, की तेलाचा परवाना आम्हाला विचारल्याशिवाय कुणालाही देणार नाही. इराणमध्ये इंग्रजांच्या अँग्लो-पर्शियन कंपनीला तेल भरपूर मिळत होतं, त्यांचे भूगर्भवाले सांगत होते की अरबी बाजूला तेल असण्याचा चान्स कमी. म्हणजे स्वतः खोदायचं नाही आणि दुसऱ्याला खोदू द्यायचं नाही, आणि हे धोरण कागदावर इतकं पक्कं होतं की दहा वर्षं कुणाला त्यातलं भोक दिसलंच नाही.

आता 1922 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चला, आखाताच्या अरबी किनाऱ्यावरच्या उकैर नावाच्या छोट्याशा बंदरात. तंबू ठोकलेत. एका बाजूला नज्दचा, म्हणजे मधल्या अरबस्तानाचा सुलतान अब्दुल अझीझ, ज्याला जग इब्न सौद म्हणून ओळखतं, दुसरीकडे इराकचा ब्रिटिश हाय कमिशनर सर पर्सी कॉक्स. इराक, कुवेत आणि नज्द यांच्या हद्दी ठरवायच्या होत्या, पाच-सहा दिवस नुसती घासाघीस चालली. मेजर डिक्सन म्हणून एक अधिकारी तिथे हजर होता, त्याने लिहून ठेवलंय की कॉक्स शेवटी चिडला आणि वाळवंटात ज्याच्या नावाने लोक थरथर कापायचे त्या इब्न सौदला शाळकरी पोरासारखं झापलं, आणि इब्न सौद रडायच्या बेतात येऊन म्हणाला की तुम्हीच माझे आईबाप, तुम्ही सांगाल तर अर्धं राज्य सोडतो. मग कॉक्सने लाल पेन्सिल घेतली आणि नकाशावर रेघ ओढली. कुवेतचा जवळजवळ दोन तृतीयांश मुलूख त्या रेघेने नज्दला गेला, आणि कुवेतचा शेख तिथे हजरही नव्हता, त्याच्या वतीने बसला होता तो इंग्रज एजंट. दुसऱ्याची जमीन वाटून देण्यातला हा आत्मविश्वास बघून हसावं की रडावं कळत नाही.

आता इब्न सौद तेव्हा इंग्रजांचं ऐकायचा का, तर पैशासाठी. महिन्याला 5,000 पौंड तनखा चालू होता. 1924 च्या मार्चमध्ये लंडनने काटकसर म्हणून तो बंद केला, आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत मक्का, मदिना, जेद्दा सगळं त्याने जिंकून घेतलं. मग 1927 मध्ये जेद्दाचा तह झाला, इंग्रजांनी त्याचं पूर्ण स्वातंत्र्य मान्य केलं. आखातातल्या शेखांच्या गळ्यात जी दोरी होती ती याच्या गळ्यात राहिली नाही, तेल कुणाला द्यायचं हा त्याचा तो मुखत्यार. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट यावर आहे.

उकैरच्या त्या तंबूंत अजून एक माणूस फिरत होता. मेजर फ्रँक होम्स, मूळचा न्यूझीलंडचा, खाणीतला माणूस, लंडनच्या ईस्टर्न अँड जनरल सिंडिकेट नावाच्या छोट्या कंपनीचा एजंट. इंग्रज अधिकाऱ्यांना हा अजिबात आवडायचा नाही, आगाऊ आणि बडबड्या वाटायचा, पण अरबांना आवडायचा. 1923 ला त्याने इब्न सौदकडून अल-हसाचा, म्हणजे त्याच्या राज्याच्या आखाताकडच्या भागाचा तेलाचा परवाना वर्षाला 2,000 पौंडांवर मिळवला, पण कंपनीकडे पैसाच नाही, दोन वर्षं भाडं भरलं आणि पुढे बोंब, शेवटी परवाना रद्द. बहारीनमध्ये मात्र त्याने डोकं लावलं, तिथल्या शेखाला गोडं पाणी पाहिजे होतं, याने आधी पाण्याच्या विहिरी खोदून दिल्या आणि पाणी लागल्यावर 1925 मध्ये तेलाचा परवाना खिशात घातला. तो घेऊन लंडनला दारोदार फिरला, इंग्रज कंपन्यांनी घेतला नाही, मग तो अमेरिकनांकडे गेला आणि फिरत फिरत स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्नियाकडे आला, आपण सोकॅल म्हणू. कंपनी ब्रिटिश असलीच पाहिजे असा सरकारी हट्ट होता, मग त्यांनी कॅनडात कंपनी रजिस्टर केली, झाली ब्रिटिश! जून 1932 च्या सुमारास बहारीनच्या पहिल्याच विहिरीत तेल लागलं. समोर वीसेक मैलांवर सौदीचा किनारा, तिथली जमीनही तशीच. भोक आता सगळ्यांना दिसलं.

आणि नेमक्या त्याच वेळी इब्न सौदची तिजोरी रिकामी होती. त्याचं मुख्य उत्पन्न हाजींकडून येणारं, आणि जगभर मंदी, मुंबईहून सुटणाऱ्या हाज बोटीतसुद्धा माणसं कमी. एका चांगल्या वर्षी लाखभर हाजी यायचे ते 1933 ला वीस हजारांवर आले. पगार थकलेले, व्यापाऱ्यांची देणी थकलेली. कुणी दहा लाख पौंड दिले तर पाहिजे तो परवाना देईन, असं तो फिल्बीला म्हणाला होता, म्हणजे फिल्बीने तसं लिहिलंय.

आता हा फिल्बी कोण? हॅरी सेंट जॉन फिल्बी, जन्म सिलोनचा, पंजाबात आयसीएस म्हणून नोकरी, मग अरबस्तानात पाठवला, मग वरिष्ठांशी भांडून राजीनामा, मग जेद्दात मोटारींची एजन्सी, 1930 ला मुसलमान झाला आणि राजाच्या बैठकीत बसायला लागला. पुढे रशियाचा हेर म्हणून गाजलेला किम फिल्बी हा याचाच मुलगा, अंबाल्यात जन्मलेला. घराण्यातच काहीतरी होतं म्हणायचं.

1933 च्या फेब्रुवारीत जेद्दात सोकॅलचा वकील लॉइड हॅमिल्टन उतरला, आणि इराक पेट्रोलियम कंपनीकडून स्टीफन लाँगरिग, म्हणजे इंग्रजांचा मोठा वाटा असलेली पार्टी. सौदीचा अर्थमंत्री अब्दुल्ला सुलेमान, पक्का हिशेबी, त्याने सांगितलं एक लाख पौंड, सोन्यात. लाँगरिगला वरून परवानगी किती? दहा हजार! कारण त्याच्या कंपनीकडे इराकमध्येच एवढं तेल होतं की आणखी नकोच होतं, दुसऱ्या कुणाला मिळू नये एवढीच काळजी. फिल्बी दोन्ही बाजूंशी गोड बोलत होता आणि आतून सोकॅलकडून महिन्याच्या महिन्याला पैसे घेत होता, ब्रिटिश वकिलातीला पत्ता नाही.

29 मे 1933 ला करारावर सही झाली, 60 वर्षांचा करार. असं सांगतात की मसुदा वाचून दाखवताना राजाला डुलकी लागली, जागा झाला आणि सुलेमानला म्हणाला, अल्लाचं नाव घे आणि सही कर. ब्रिटिश वकिलातीचे प्रमुख सर अँड्र्यू रायन यांना ही बातमी फिल्बीनेच सांगितली आणि त्यांचा चेहरा कसा काळवंडला ते पुढे चवीने लिहिलंसुद्धा.

पण खरी मजा पैशात आहे. पहिला हप्ता 35,000 पौंड सोन्यात द्यायचा आणि इकडे रूझवेल्ट सरकारने अमेरिकेतून सोनं बाहेर न्यायला बंदी घातलेली. मग सोकॅलने लंडनमध्ये सोन्याच्या साव्हरिन घेतल्या, इंग्लंडच्या टाकसाळीतल्या, आणि पी अँड ओ या इंग्रज कंपनीच्या बोटीने जेद्दाला पाठवल्या. 35,000 नाणी म्हणजे साधारण 280 किलो सोनं, जेद्दाच्या डच बँकेत टेबलावर ओतून एकेक मोजली, आणि म्हणे व्हिक्टोरिया राणीचा छाप असलेली मुद्दाम टाळली होती, बाईच्या तोंडाचं नाणं तिकडे कमी भावात जाईल म्हणून. सोनं इंग्रजांचं, बोट इंग्रजांची, परवाना अमेरिकनांचा.

या झटक्यानंतर कुवेतमध्ये मात्र इंग्रजांनी आळस केला नाही, तरी अमेरिकन गल्फ ऑइलला बाहेर ठेवता आलं नाहीच, निम्मी-निम्मी भागीदारी करावी लागली. 23 डिसेंबर 1934 ला शेख अहमद अल-जाबिर यांनी सही केली, आणि तो करार होता रुपयात. सही करताना 4,75,000 रुपये, मग वर्षाला निदान 95,000, आणि तेल निघालं की टनामागे 3 रुपये. फेब्रुवारी 1938 मध्ये कुवेतमधल्या बुरगानला तेल लागलं. पुढच्याच महिन्यात सौदीत दम्मामची 7 नंबरची विहीर बोलायला लागली, आधीच्या सहांनी रडवल्यावर, आणि 1 मे 1939 ला रास तनुरा बंदरात इब्न सौदने स्वतःच्या हाताने व्हॉल्व्ह फिरवून पहिली टँकर बोट भरायला सुरुवात करून दिली. त्या तेलात इंग्रजांचा एक पैशाचाही वाटा नव्हता.