मुळाकडची बाजू वर

मंडळी, लाकडी घर बघायला गेलो की माझी नजर आधी खांबाच्या माथ्यावर जाते. त्यामुळे बे-लीफबद्दलही तिथूनच बोलतो.

बे-लीफ हे इंग्लंडमधल्या केंट परगण्यातलं, चिडिंगस्टोनजवळचं शेतघर. मधला मोठा दिवाणखाना, ज्याला तिकडे ‘हॉल’ म्हणतात, १५व्या शतकाच्या सुरुवातीचा. घरधन्याच्या खोल्यांची बाजू त्यानंतर साधारण शंभर वर्षांनी आली. सांगाडा सगळा ओकचा.

त्या काळचे तिथले सुतार खांब बहुधा उलटा उभा करत. बुंधा वर, शेंडा खाली. झाड मुळाकडे रुंदावतं, आणि सुताराला ती रुंदी माथ्याशी हवी असे. कारण तिथे तीन लाकडं एकत्र येतात. एक खांब, दुसरी भिंतीच्या माथ्यावरून लांबीत जाणारी तुळई आणि तिसरी घराच्या रुंदीत पडणारी तुळई. खांबाच्या रुंद माथ्यावर दोन कुसू, म्हणजे दुसऱ्या लाकडाच्या भोकात बसणाऱ्या जिभा, काढायचे, एक या तुळईत, दुसरा त्या तुळईत. शिवाय आडव्या तुळईच्या टोकाला पोटाकडून शेपटीसारखी पसरत जाणारी खाच करून ती लांब तुळईवर बसवायची. छपराचं वजन भिंतींना सतत बाहेर ढकलत असतं, आणि ही शेपटी त्यांना सुटू देत नाही. एवढा विचार एका सांध्यात आहे! मला तरी यापुढे नक्षीकाम फिकं वाटतं.

सांधा पक्का करायला ओकचीच खुंटी. कुसवाचं भोक बाहेरच्या भोकापासून मुद्दाम किंचित सरकवून पाडत, म्हणजे खुंटी ठोकताना कुसू आत ओढला जाई. काम ओल्या लाकडात चाले, कारण वाळलेला ओक हत्याराला दाद देत नाही. अशा जुन्या घरांचे खांब थोडे पिळलेले, तुळया वाकलेल्या दिसतात त्या यामुळेच. तो सुताराचा दोष नव्हे.

भिंती म्हणजे आपला कुडच. कोकणातल्या कोणालाही तो समजावून सांगावा लागणार नाही: चौकटीत काटक्या विणायच्या आणि वर माती, शेण, गवताचा गिलावा. छप्पर मात्र वेगळं. आपल्याकडे वासे आढ्याला, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या लांब तुळईला टेकतात, तिथे आढंच नाही. समोरासमोरचे दोन वासे वर एकमेकांत अडकवलेले, थोडं खाली त्यांना जोडणारं आडवं लाकूड, आणि अशा सगळ्या जोड्यांना खालून आधार देणारी एक लांब तुळई. तिला पेलतो आडव्या तुळईच्या मध्यावर उभा केलेला एक आखूड खांब.

हॉलमध्ये वर मजला नाही, जमिनीपासून थेट छपरापर्यंत मोकळं. मधोमध जमिनीवर चूल. धुरांडं नाही, खिडक्यांना काच नाही, फक्त लाकडी गज आणि झडपा. धूर वाट सापडेल तसा छपरातून जाई. दोन्ही टोकांना वरचे मजले मात्र पुढे झुकलेले, आणि एकच छप्पर तिन्ही भागांवरून सरळ गेलेलं. त्यामुळे मधला हॉल आत दबल्यासारखा दिसतो. केंटमधली ही घरं यावरूनच ओळखतात.

१९६०च्या दशकात बफ बीच इथे पाणीपुरवठ्याचा जलाशय व्हायचा होता आणि बे-लीफ त्यासाठी घेतलेल्या जागेत होतं. १९६८-६९मध्ये ते सोडवून काढलं आणि ससेक्समधल्या सिंगलटनच्या खुल्या संग्रहालयात पुन्हा उभारलं. वीटबांधणीचं घर असतं तर ढिगाराच हाती आला असता. लाकडी सांगाडा मुळात एकदा सुताराच्या आवारात जमिनीवर जुळवून, सुटा करून, मगच जागेवर उभा केलेला असतो. प्रत्येक लाकडाची जागा कळावी म्हणून त्यावर रोमन अंकांसारख्या खुणा कोरण्याची रीत होती. खुंट्या काढल्या की घर पुन्हा सुटतं.

उभारताना संग्रहालयानं नंतरच्या काळातली भर वगळून घर साधारण १५४०च्या सुमाराचं दाखवायचं ठरवलं. यावर मतभेद होऊ शकतात. पुढच्या पिढ्यांनी केलेले बदल हाही घराचा इतिहासच, ते काढायला माझा हात धजावला नसता. पण हॉलमध्ये पेटलेल्या चुलीपाशी उभं राहून वर पाहिलं, धूर वाशांमध्ये रेंगाळताना दिसला, तेव्हा इतक्या उंच छपराचं कारण नकाशा न बघता कळलं.