रिचार्ज अजून मारता का?

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीजवळच्या एका वाडीतनं बोलतेय. माझा मुलगा गेला त्याला आता तिसरं वर्ष लागलं. गर्दचा, म्हणजे ब्राउन शुगरचा, ओव्हरडोस. हे तोंडातनं निघायला मला दीड वर्ष लागलं, तोवर सगळ्यांना हार्ट अटॅकच सांगत होतो, अगदी भटजींनासुद्धा.

तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं हो, पण खरं कारण वाडीत कळलं की माणसं यायची कमी होतात आणि कोण आलंच तर विचारतं, तुमचं लक्ष नव्हतं का? लक्ष नव्हतं? त्याच्या खिशातली गर्द ओढायची जळकी पन्नी मी रोज शोधत होते.

मग मिरकरवाड्यातनं एक ताई आल्या, त्यांचाही मुलगा तसाच गेलेला. पडवीत बसल्या, चहा घेतला, आणि हळूच म्हणाल्या, "वहिनी, त्याच्या मोबाईलचा रिचार्ज अजून मारता का?" मी कुणालाच सांगितलं नव्हतं, ह्यांनाही नाही. त्या म्हणाल्या, "मी पण मारते." तेव्हा पहिल्यांदा मी मोकळी रडले.

माझ्या डोक्यात एकच होतं, तीन महिन्यांनी व्यसनमुक्ती केंद्रातनं घरी आणला, चांगला झालेला, बांगडे मागून खायचा, मीच घाई केली म्हणून गेला. नंतर डॉक्टरांनी समजावलं की काही महिने बंद राहिलं की शरीराची सवय मोडते, मग पूर्वीएवढाच डोस घेतला तरी श्वास मंद होत होत थांबू शकतो. तुमच्या घरी कुणी असं नुकतं परत आलं असेल तर एवढं ऐका, हलवून जागा होत नसेल, ओठ निळे पडत असतील तर झोपलाय म्हणून सोडू नका, लगेच १०८ ला फोन करा.

३१ ऑगस्टला जगभर ओव्हरडोसने गेलेल्यांची आठवण काढतात, २००१ साली मेलबर्नला सुरू झालं हे. आपल्याकडे त्याच सुमारास गणपतीची गडबड असते, मुंबईची पोरं येतात, आणि आरतीला झांजा वाजवणारा आपलाच तेवढा नसतो. त्या दिवसांत आम्ही पाचसहा आईबाप एकमेकांकडे जास्त जातो. कोण कुणाला उपदेश करत नाही, पोराचं नाव घ्यायचं, त्याच्या खोड्या सांगायच्या, गप्प बसायचं असेल तर गप्प बसायचं.

रात्री जीव अगदी नकोसा झाला तर टेली मानस, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर लावा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि आमच्यातलं कुणी भेटावंसं वाटलं तर ह्या कार्यक्रमाच्या पत्त्यावर चिठ्ठी टाका. नाव नको, कारण नको, फोन नंबर तेवढा लिहा. मी येते तुमच्या पडवीत बसायला.