सातावालची होडी आणि आंबेगावची पडकई
(पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन, थोडी काटछाट करून)

नमस्कार मंडळी. बाहेर पाऊस, कर्वे रोडला ट्रॅफिक, तरी तुम्ही आलात, त्यामुळे प्रस्तावनेत वेळ घालवत नाही, एकदम समुद्रातच उतरते.

पॅसिफिकमध्ये मायक्रोनेशियात सातावाल नावाचं बेट आहे, इतकुसं, नकाशात झूम करून करून शोधावं लागतं. तिथला माऊ पियाईलुग हा माणूस होकायंत्र नाही, नकाशा नाही, काही नाही, अशी होडी न्यायचा. कुठला तारा कुठून उगवतो, कुठे मावळतो ते तोंडपाठ, पक्षी कुठल्या बाजूला चाललेत त्यावर लक्ष, आणि मुख्य म्हणजे लाटा. म्हणजे वारा फिरला तरी लांबून येणारी मोठी लाट आपली दिशा सहजी सोडत नाही, ती होडीला कुठून धक्का देते त्यावरून हा सांगणार की आपण कुठे चाललोय, आणि ढगांमुळे काही दिसत नसेल तर होडीच्या तळाशी आडवा पडून अंगानेच ओळखणार. तो अगदी लहान असताना आजोबा त्याला किनाऱ्यावरच्या डबक्यात बसवायचे, पाण्याची हालचाल अंगात मुरावी म्हणून. पोरांचा अभ्यास चटईवर, दगड गोल मांडायचे, एकेक दगड म्हणजे ताऱ्यांची उगवायची-मावळायची जागा.

आता हवाईकडे या. तिथल्या लोकांचे पूर्वज असेच समुद्र ओलांडून आलेले, पण पुढे ही विद्या तिथून पार गेली. 1970च्या दशकात त्यांनी जुन्या धाटणीची जोडहोडी बांधली, होकुलेआ तिचं नाव, होडी तयार झाली पण नेणार कोण? मग माऊला बोलावलं, आणि 1976 साली त्याने ती ताहिती बेटापर्यंत नेली, साधारण महिनाभर, एकही उपकरण न वापरता. पुढे नैनोआ थॉम्प्सन नावाचा हवाईचा तरुण त्याच्याकडे शिकला आणि 1980 मध्ये त्याने स्वतः तोच पल्ला मारला. सातावालमध्ये ही विद्या बाहेरच्यांना द्यायची रीत नव्हती, त्यामुळे घरी माऊला बोलणी खावी लागली, पण त्याच्या डोळ्यांसमोर त्याच्याच बेटावरची पोरं हे शिकायचं सोडत होती, तर मग राखून ठेवायचं कुणासाठी? आणि 2007 साली हवाईच्या लोकांनी त्याच्यासाठी होडी बांधून सातावालला नेऊन दिली. त्याच वेळी माऊने त्यांच्यातल्या पाच जणांना, नैनोआ त्यात होताच, 'प्वो' म्हणजे गुरुपदाची दीक्षा दिली, त्यांच्या बेटावर नाही, आपल्या बेटावर.

मला यात होडीपेक्षा हे आवडतं की कुणाला शिकवायचं, काय शिकवायचं आणि कुठे, हे सगळं ज्याच्याकडे विद्या होती त्याने ठरवलं.

आपल्याकडे हे फार क्वचित होतं. हळदीचं पेटंट तुम्हाला माहितीच असेल, 1995 मध्ये अमेरिकेत हळदीने जखम बरी होते यावर पेटंट दिलं गेलं, माशेलकर सरांच्या काळात सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने त्याविरुद्ध लढा दिला आणि 1997 मध्ये रद्द झालं. छानच झालं. पण ते जिंकलो कशावर, तर छापील पुराव्यावर! जुने ग्रंथ होते, शोधनिबंध होते. मुळशीतल्या एखाद्या कातकरी आजीला कुठला कंद कधी काढायचा ते माहितीये, ते कुठल्या ग्रंथात आहे? आणि ते लिहून घ्यायला गेलं की वहीही आपली आणि नावही आपलंच.

केरळमध्ये एकदा बरं घडलं होतं. 1987 मध्ये अगस्त्य डोंगरात संशोधकांची तुकडी दमून बसलेली, आणि वाटाड्ये कानी आदिवासी कसलीशी फळं खाऊन ताजेतवाने. आरोग्यपच्चा ही ती वनस्पती. आढेवेढे घेत त्यांनी ती दाखवली, त्यावरून 'जीवनी' नावाचं औषध आलं आणि त्यातून संशोधन संस्थेला मिळणाऱ्या परवाना शुल्काचा आणि रॉयल्टीचा निम्मा वाटा कानींच्या ट्रस्टला द्यायचं ठरलं. जगभर उदाहरण म्हणून सांगतात हे. पण पुढे औषधासाठी त्या वनस्पतीची पानं लागणार म्हटल्यावर वनखात्याची आडकाठी, म्हणजे माहिती तुमची, झाड मात्र खात्याचं. पैसे येऊनसुद्धा गाडी तिथे अडली.

म्हणून मी जमिनीवर येते, आपल्याच जिल्ह्यात. आंबेगाव, जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी लोकांची 'पडकई' आहे. डिंभे धरणात घोड नदीकाठची चांगली शेती गेली, लोक वर उतारावर सरकले, उतारावर नाचणी-वरई होते पण भात कसा करणार? तर चार घरं एकत्र येतात, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. वरच्या अंगाची माती खणायची, खाली ओढायची, खालच्या कडेला दगडांचा बांध घालायचा, हे करत करत उताराचं सपाट खाचर होतं, पावसाचं पाणी थांबतं, माती वाहून जात नाही. दगड कुठला कुठे बसेल, पाणी कुठून काढून द्यायचं, हे ड्रॉइंगशिवाय. आणि मजुरी म्हणाल तर एकमेकांना हात, बस. 'शाश्वत' संस्थेची मंडळी तिथे वर्षानुवर्षं होती, त्यांनी गावाला बांध घालायला शिकवलं नाही बरं का, त्यांनी केलं ते अर्ज-विनंत्यांचं, ऑफिसच्या पायऱ्या झिजवायचं काम, म्हणजे या कामाला सरकारी पैसा मिळावा आणि माणसाला हंगाम संपल्यावर गाव सोडून जावं लागू नये. 2012 मध्ये त्यांना यूएनडीपीचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं, इक्वेटर पारितोषिक मिळालं. पुण्यातल्या शिकलेल्या माणसाचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

कायद्यातही हे आहे, आपण वाचत नाही इतकंच. 2006च्या वनहक्क कायद्यात कलम 3(1) मध्ये जंगल राखायचा, सांभाळायचा सामूहिक हक्क आहे आणि त्याच कलमात जैवविविधतेबद्दलच्या पारंपरिक ज्ञानावरचाही आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे अभ्यासगट चालायचा, बाहेरची जाणकार माणसं येऊन बसायची, बोलायची, वाद घालायची, आणि निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने. पाहुण्याला मत मांडायला मोकळीक, निर्णयात मात्र स्थान नाही. मला ही व्यवस्था फार पटते, विद्यापीठातल्या कित्येकांना नाही पटत, असो.

समोर बरीच कॉलेजची मुलं दिसतायत, प्रोजेक्टला गावात जाणार असाल. तर आधी ग्रामसभेला विचारा, फक्त सरपंचाला फोन करून भागत नाही. 'हे छापू नका' म्हणाले तर छापायचं नाही, मग गाईड काहीही म्हणोत. आणि रिपोर्ट मराठीत करून गावात नेऊन वाचून दाखवा, लोक चुका काढतील, काढू द्या.

आता प्रश्न घेऊया. फक्त एक आधीच सांगते, दर वेळी कुणीतरी विचारतं, मॅडम पुण्याजवळची भारी देवराई कुठली, लोकेशन पाठवा ना. नाही पाठवणार. गावात जा, देवळापाशी जी म्हातारी माणसं बसलेली असतील त्यांच्याशी बोला, त्यांनी नेलं तर बघा, नाही नेलं तर चहा पिऊन वीकेंडचं ट्रॅफिक सुरू व्हायच्या आत घरी या. हं, मागे कुणाचा तरी हात वर आहे, बोला.