जळालेला संगणक आणि न वाचलेला करारनामा

श्रोतेहो, नमस्कार.

नाशिकच्या रविवार कारंजाजवळच्या एका गल्लीत गेली तेवीस वर्षे मी अक्षरजुळणीचा आणि छपाईचा व्यवसाय करतो. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, द्राक्ष बागायतदारांच्या मेळाव्यांची माहितीपत्रके आणि क्वचित एखादा कवितासंग्रह, असे काम माझ्याकडे येते. या सगळ्या वर्षांत ज्या कागदाकडे मी कधीच लक्ष दिले नाही, त्याविषयी आज बोलणार आहे. तो कागद म्हणजे संगणकावर नवा प्रोग्राम टाकताना पडद्यावर येणारा लांबलचक इंग्रजी करारनामा. त्याच्या तळाशी मान्यतेचे बटण असते आणि ते दाबल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही.

मागच्या पावसाळ्यात विजेचा दाब अचानक वाढून माझ्या मुख्य संगणकाचा मदरबोर्ड जळाला. हार्डडिस्क शाबूत होती, म्हणून मी नवा संगणक आणून त्यावर अक्षरजुळणीचा जुना प्रोग्राम टाकला. पण तो सुरूच होईना. हा प्रोग्राम मी २०१२ साली पूर्ण पैसे मोजून, रीतसर पावती घेऊन आणला होता. विक्रेत्याकडे चौकशी केली तेव्हा कळले की परवाना केवळ त्या जळालेल्या संगणकापुरता होता, तो दुसऱ्या यंत्रावर नेता येत नाही, आणि ती आवृत्ती आता बंद झाल्यामुळे नवी आवृत्ती नव्या किमतीला घ्यावी लागेल. करारनामा शोधून वाचला, तर तसे कलम त्यात खरोखरच होते.

येथे मराठी मजकुराची एक वेगळीच अडचण आहे. युनिकोड, म्हणजे सर्व फॉन्टांना समान असलेली अक्षरांची सांकेतिक पद्धत, सर्वत्र रुळण्यापूर्वी प्रत्येक कंपनीच्या मराठी फॉन्टची सांकेतिक रचना निराळी असे, त्यामुळे तो विशिष्ट फॉन्ट नसेल तर फाईल उघडूनही देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक गुंता दिसतो. कितीतरी संस्थांच्या स्मरणिका, दिवंगत लेखकांचे लेख, माझ्या हातांनी जुळवलेली हजारो पाने माझ्याच कपाटात असूनही मला वाचता येत नव्हती. मजकूर माझ्या ग्राहकांचा, मेहनत माझी, आणि तो उघडण्याची किल्ली मात्र ज्याला यातले काहीच ठाऊक नाही अशा तिसऱ्याच माणसाच्या हाती, हे मला तेव्हा प्रथम उमगले.

आपण ज्याला विकत घेणे म्हणतो, त्याला हे करारनामे विक्री मानतच नाहीत. ते त्याला वापराची परवानगी म्हणतात. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० साली झाली, आणि तेव्हापासून एकाने घेतलेले पुस्तक दुसऱ्याने वाचणे ही या गावाला सवयीची गोष्ट आहे. प्रोग्रामच्या बाबतीत मात्र उसना देणे, वारसाला देणे किंवा जुना म्हणून विकणे यांपैकी बहुतेक गोष्टींना करारात मनाई असते. अमेरिकेत एका गृहस्थाने ऑटोकॅड या आराखडे काढण्याच्या प्रोग्रामच्या जुन्या प्रती विकायला काढल्या, तेव्हा २०१० साली तेथील अपील न्यायालयाने निकाल दिला की मूळ खरेदीदार केवळ परवानाधारक होता, मालक नव्हता, म्हणून त्या प्रती पुढे विकता येणार नाहीत. त्याउलट युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१२ साली, कायमच्या परवान्याने विकलेली प्रत खरेदीदार पुढे विकू शकतो, असे ठरवले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली तयार सॉफ्टवेअर हा विक्रीकरासाठी 'माल' आहे असा निर्णय दिला आहे, आणि माझ्या २०१२ च्या पावतीवरही मूल्यवर्धित कर लावलेला आहे. कर घेताना जी वस्तू विक्रीचा माल ठरते, ती संगणक जळाल्यानंतर मला माझी म्हणता येऊ नये, हे मला न्यायाचे वाटत नाही.

आणखी एक बाब आहे, तिच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. १९८० च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठातील डेव्हिड डेविट यांनी निरनिराळ्या डेटाबेस, म्हणजे माहिती साठवून शोधून देणाऱ्या, प्रोग्रामांच्या वेगाची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा असाच प्रोग्राम विकणाऱ्या ओरॅकल कंपनीला ती रुचली नाही, आणि त्यानंतर तिच्या परवान्यात परवानगीशिवाय अशी तुलना प्रसिद्ध करण्यास मनाई करणारे कलम आले. पुढे इतर कंपन्यांनीही ते उचलले, आणि अशा कलमांना डेविट यांच्याच नावाने ओळखले जाते. वापरणाऱ्याने 'हा प्रोग्राम मंद आहे' असे मोजून जाहीरपणे सांगू नये, हे कलम मला सर्वांत अधिक खटकते.

मी चोरीच्या प्रतींची बाजू घेत नाही. माझ्या दुकानात चोरीचा प्रोग्राम कधी आला नाही आणि येणारही नाही. अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींतील छोटे कारखानदारही आता मापाचे आराखडे काढण्यासाठी महागडे परवाने घेतात. त्यांना सही करताना अटी ठाऊक असाव्यात, एवढेच माझे म्हणणे आहे. कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमाने कायदेशीरपणे प्रत बाळगणाऱ्याला हानीपासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करून ठेवण्याची मुभा दिली आहे, ती आपण जरूर वापरावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अन्याय्य करार' अशी संज्ञा आहे. त्यात योग्य कारणाशिवाय एकतर्फी करार रद्द करण्याचा अधिकार देणारी कलमे मोडतात, आणि अशा करारांची दाद राज्य ग्राहक आयोगाकडे मागता येते. स्वयंरोजगारातून उदरनिर्वाह करण्यासाठी वस्तू घेणाराही या कायद्याने ग्राहक ठरतो, हे माझ्यासारख्या दुकानदारांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता माझ्या दुकानातील नवे काम युनिकोडमध्ये आणि 'मुक्ता'सारख्या खुल्या परवान्याच्या फॉन्टमध्ये होते, कारण त्या परवान्यात प्रती करण्याची, वाटण्याची आणि फॉन्ट बदलण्याचीसुद्धा मोकळीक आहे. जुन्या फायलींचे रूपांतर दोन मुले रोज संध्याकाळी करत आहेत. जोडाक्षरे आणि रफार बिघडतात, म्हणून प्रत्येक पान जुन्या छापील प्रतीशी ताडून पाहावे लागते. नवा प्रोग्राम घेण्यापूर्वी मी विक्रेत्याकडून, संगणक बिघडल्यास परवाना दुसऱ्या यंत्रावर नेता येईल, असे लेखी मागतो. गेल्या महिन्यात एकाने तसे पत्र दिले. दुसऱ्याने नकार दिला, आणि त्याच्याकडून मी काहीही घेतले नाही.

नमस्कार.