बाइंडरच्या हाताखालचा मुलगा

(दृश्य: टेबलावर छापील ताव. सुईत दोरा ओवणारे हात. चेहरा दिसत नाही.)

ताव दुमडायचा. दुमडलेला फर्मा आधीच्या फर्म्यावर ठेवायचा, घडीतून सुई घालायची, दोरा ताणून घ्यायचा. मग पुढचा फर्मा. 1805 साली लंडनमधल्या एका लोहाराचा मुलगा, वयाच्या चौदाव्या वर्षी, पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे शिकाऊ उमेदवार म्हणून लागला आणि सात वर्षं हेच करत राहिला. मायकेल फॅरेडे त्याचं नाव. पुढे मोठा शास्त्रज्ञ झाला तो. शाळेत जेमतेम लिहावाचायला आणि थोडा हिशेब शिकला होता.

त्याच्याकडे परत येऊ. आधी तुझ्याशी बोलायचं आहे.

लोकांनी सांगितलं तसं तू केलंस. परीक्षा दिल्यास, रांगेत उभा राहिलास, आणि रांगेच्या टोकाशी पोचल्यावर कळलं की खिडकी बंदच आहे. किंवा उघडी होती, पण आतून जे मिळालं ते तुला नकोच होतं. आता कुणी 'पुढे काय?' विचारलं की चिडचिड होते. झोप, जेवण, जगण्याची इच्छाच उडाली असेल, तर हा व्हिडिओ थांबव आणि आधी डॉक्टरांकडे जा, जवळच्या माणसाला सांग. तसं नसेल तर माझं मत ऐक: तुला एक खरी गोष्ट कळली आहे. ती कळायला काही जणांची चाळिशी उलटते. आता घाईघाईनं दुसरी कुणाचीतरी तयार श्रद्धा अंगावर चढवू नकोस. भ्रमनिरास झालेल्या तरुणांवर टपून बसलेली माणसं पुष्कळ आहेत.

'तुझं ध्येय शोध' असं सगळे सांगतात. जणू ते किल्लीसारखं कुठंतरी कपाटामागे पडलंय. फॅरेडेनं ध्येय शोधलं नाही. त्याला पडलेला प्रश्न फार लहान होता: हे जे छापलंय, ते खरं आहे का?

(दृश्य: जस्ताचा पत्रा, कात्री, तांब्याची नाणी.)

बांधायला आलेली पुस्तकं तो वाचायचा. ज्ञानकोशाच्या एका खंडात विजेवरचा लेख सापडला. जेन मार्सेट या लेखिकेनं नवशिक्यांसाठी लिहिलेलं रसायनशास्त्राचं पुस्तक सापडलं. वाचून तो थांबला नाही. परवडतील तेवढे प्रयोग स्वतः करून पाहू लागला. 1812च्या जुलैमध्ये त्यानं मित्राला लिहिलेलं पत्र आहे. जस्ताच्या पत्र्यातून नाण्याएवढ्या सात चकत्या कापल्या, त्यांच्या जोडीला तांब्याची सात नाणी घेतली, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद. झाली बॅटरी. तिच्या तारा एका क्षाराच्या द्रावणात बुडवल्या, तर दोन्ही तारांवर वायूचे बुडबुडे जमू लागले. पत्रात त्या बुडबुड्यांचं वर्णन बारकाईनं केलंय. मोठी पदवी असलेल्या लोकांनी हे आधीच केलं होतं, नवीन काही नव्हतं. पण आता ते त्याच्या टेबलावर घडलं होतं.

स्वतः शिकायचं म्हटलं की आपण आधी याद्या करतो. माझ्या फोनमध्ये 'नंतर वाचू' म्हणून साठवलेल्या लेखांचा ढीग आहे. तो वाढला की शिकल्यासारखं वाटतं, हीच त्याची गंमत. पुन्हा पुन्हा वाचण्याचंही तसंच आहे. 2006 साली रोडिगर आणि कारपिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला, दुसऱ्या गटाला तो मिटवून आठवेल ते लिहायला लावलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्यानंतर घेतली तर आठवून लिहिणारे बरेच पुढे. गंमत म्हणजे, आपल्याला सगळं लक्षात राहील असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता.

तेव्हा पान मिटव. कोऱ्या कागदावर लिही. पहिल्या दिवशी चार ओळींपुढे जाणार नाहीस, आणि लाज वाटेल. ती लाज फार उपयोगी असते. नेमकं कुठं अडलं ते तीच दाखवते. मग पुस्तक उघड आणि तेवढंच बघ.

(दृश्य: मेणबत्तीच्या उजेडात वही. हाताने काढलेल्या उपकरणांच्या आकृत्या.)

एकट्यानं शिकणारा, अशी फॅरेडेची प्रतिमा आहे. ती अर्धीच खरी. संध्याकाळच्या विज्ञान व्याख्यानांचे पैसे थोरल्या भावानं दिले. तिथं समवयस्क मित्र भेटले, एकमेकांच्या चुका काढणारे. उपकरणांची चित्रं नीट जमेनात, तेव्हा मालकाकडे भाड्यानं राहणाऱ्या एका चित्रकाराकडून तो यथार्थदर्शन, म्हणजे कागदावर खोली आणि अंतर दाखवायची रीत, शिकला. त्या बदल्यात त्याची खोली झाडायची, बूट चमकवायचे. तुझी चूक दाखवेल असं एक तरी माणूस गाठ. ते नसेल तर स्वतः शिकलेल्या माणसाला आपली भोकं दिसत नाहीत. फॅरेडेचं गणिताचं भोक तर जन्मभर राहिलं. त्याच्या कल्पनांना समीकरणांचं रूप पुढे मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञानं दिलं.

एका गिऱ्हाइकानं त्याला हम्फ्री डेव्ही या प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. चार व्याख्यानं. त्यानं टिपणं घेतली, घरी येऊन ती पुन्हा नीट लिहिली, आकृत्या काढल्या. तीनशेहून अधिक पानं झाली. ती त्यानं स्वतःच बांधली. शेवटी सात वर्षांचा बांधणीचा सराव हाताशी होता.

तेवढ्यात उमेदवारी संपली. एकविसावं वर्ष, नवा मालक तापट, धंद्यावरून मन उडालेलं. विज्ञानात कसलंही काम द्या म्हणून त्यानं उमेदवारीत असतानाच रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेच्या अध्यक्षांना लिहिलं होतं. उत्तरच आलं नव्हतं. 1812च्या डिसेंबरमध्ये ती बांधलेली वही त्यानं डेव्हीला पाठवली. डेव्ही भेटला, चांगला वागला, आणि म्हणाला, पुस्तकबांधणीच कर. काही आठवड्यांनी डेव्हीच्या संस्थेतला एक मदतनीस मारामारीवरून काढला गेला. 1 मार्च 1813ला त्या जागी फॅरेडे लागला. काम बाटल्या धुण्यापासून. इथं नशीब होतं, आणि ते वगळून ही गोष्ट सांगणं लबाडी होईल. तिकिटं देणारं गिऱ्हाईक प्रत्येकाला भेटत नाही. पण वही त्या तिकिटांच्या आधीपासून शिवली जात होती, सात वर्षं, कुणी न सांगता.

उशीर झाला असं वाटत असेल तर एवढंच: पुढे जगप्रसिद्ध झालेला चित्रकार व्हॅन गॉग चित्रविक्री, शिकवणं, धर्मप्रसार सगळ्यातून बाहेर पडला आणि 1880 साली, सत्ताविसाव्या वर्षी, छापील नमुने समोर ठेवून रेघा गिरवायला बसला.

(दृश्य: जुन्या नोंदवहीचं पान. परिच्छेदांना क्रमांक.)

फॅरेडेनं 1831 साली चुंबकाच्या हालचालीतून वीज निर्माण करून दाखवली. आज जनित्रं त्याच तत्त्वावर चालतात. पण मला जास्त आवडते ती त्याची प्रयोगवही. प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक. चाललेलं, फसलेलं, सगळं एकाच रांगेत. क्रमांक सोळा हजारांपुढे गेले.

12 मार्च 1862. वय सत्तर, स्मरणशक्ती कधीचीच दगा देऊ लागलेली. त्यानं एक ज्योत चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ठेवली आणि तिच्या प्रकाशात काही बदल होतो का ते पाहिलं. काही दिसलं नाही. तसं लिहिलं, क्रमांक घातला.